पट्टीला दोन बोटं कमी

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत माझं मोटार रिवाइंडिंग आणि पॅनल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. तिथं तीन वर्षं काम केलेल्या एका मुलीला लहानपणापासून हवी होती तीच नोकरी लागली. ज्या थीम पार्कवर तिचा शाळेपासून जीव, तिथंच, रोलर कोस्टरच्या देखभालीत. घरात तिला माई म्हणतात, इथंही तेवढंच. पार्कचं नाव लिहीत नाही. नोकरी तिची आहे आणि पुढं जे लिहिणार आहे त्यात मुलाखतीच्या खोलीतलंही काही आहे. आयटीआयची पोरं मला अधूनमधून विचारतात, "काका, तिचा वशिला कुठला होता?" वशिला नव्हता. उलट पहिल्या खेपेला ती नापास झाली होती, आणि त्यात थोडा वाटा माझ्या दुकानातल्या सवयींचा होता. म्हणून हे प्रकरण एकदा सगळं मांडतो.

सहल

माईचे वडील मंडप-लायटिंगचं काम करतात. लग्नं, उरूस, गावोगावच्या जत्रा. त्यामुळं आकाशपाळणा तिला खालून माहीत. भकभकणारा जनरेटर, पट्टा, क्लचचा दांडा धरून उभा असलेला माणूस, आणि फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात घातलेली जाड तार. पाळण्यात बायका लेकरांना मांडीवर घेऊन बसतात, कुणी कुणाला हटकत नाही.

2016 साली, सातवीत असताना शाळेची सहल पार्कला गेली. गोराईचं एस्सेलवर्ल्ड 1989 सालचं, ते आमच्या पिढीचं. खोपोलीजवळचं इमॅजिका 2013 मध्ये उघडलं, तेव्हापासून आमच्याकडच्या पोरांच्या तोंडी रोलर कोस्टर हा शब्द आला. तिथला नायट्रो सुमारे 40 मीटर उंच आहे आणि डब्याला पायाखाली तळच नाही, पाय हवेत लोंबकळतात, ही माहिती माईच्या वर्गात पाढ्यांसारखी पाठ होती.

तर सहलीला गेल्यावर माई ज्या कोस्टरच्या रांगेत तासभर उभी राहिली, तिथं तोंडाशी उंचीची पट्टी होती. गणवेशातल्या मुलानं तिला पट्टीला उभं केलं. दोन बोटं कमी. बूट घालून, टाचा उचलून, केस वर बांधून सगळं करून झालं. तो हसला नाही आणि रागावलाही नाही. "नाही ताई, पुढच्या वर्षी ये." मैत्रिणी वर गेल्या. ही खाली लोखंडी कठड्यापाशी रडत उभी राहिली, आणि रडता रडता तिला तो आवाज ऐकू आला. डबे चढावर जाताना होणारी कट-कट-कट. सगळ्या बायका-पोरी वर बघून किंचाळत होत्या, ही चाकांकडं बघत होती. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतो तसला खटका आहे, साखळी तुटली तरी डबे मागं येणार नाहीत, हे तिला तिथंच कळलं असं ती सांगते. बारा वर्षांच्या पोरीला खरंच एवढं कळलं असेल का, मला शंका आहे. पण डब्यांना इंजिन नाही, एकदा वर नेऊन सोडलं की पुढं सगळा उताराचा खेळ, हे तिनं सहलीवरून आल्यावर वडिलांना जमिनीवर खडूनं काढून दाखवलं होतं. हे वडिलांनीच मला सांगितलंय, म्हणजे खरं असणार.

पहिली मुलाखत

दहावीनंतर इलेक्ट्रिशियन ट्रेड. मधलं वर्ष कोरोनात गेलं. 2021 मध्ये वडील तिला घेऊन दुकानात आले. "आण्णा, पोरीच्या हाताला वळण लागू दे, पगाराचं नंतर बघू." मी ठेवून घेतली. मोटार उघडणं, जुनी कॉइल तोडणं, वेढे मोजणं, वार्निश. तिचा हात स्वच्छ होता. मोबाइलच्या पडद्यावर अबूधाबीच्या फेरारी वर्ल्डमधल्या फॉर्म्युला रोसा या कोस्टरचा फोटो. ताशी 240 किलोमीटर, बसणाऱ्याला डोळ्यांवर गॉगल लावावा लागतो. जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नाही.

2022 मध्ये पार्कात भरती निघाली आणि तिनं अर्ज केला तो राइड ऑपरेटरचा. पाहुण्यांना बसवणं, पट्टे तपासणं, बटण दाबणं. मी विचारलं, "तू इलेक्ट्रिशियन, मग हे कशाला?" तर म्हणाली, "काका, पार्क म्हणजे तेच की."

इथं जरा थांबतो. डिस्नेलँड 1955 साली कॅलिफोर्नियात सुरू झालं. डिस्नेच्या पार्कांत नोकराला 'कास्ट मेंबर' म्हणतात, म्हणजे नाटकातलं पात्र. लोकांना दिसतं ते 'ऑनस्टेज', दाराआडचं ते 'बॅकस्टेज'. सांगलीकराला हे समजावून सांगायला नको. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' इथंच उभं केलं, तेव्हापासून या गावाला ठाऊक आहे की विंगेत उभा राहून दोर ओढणाऱ्याचा हात चुकला तर समोरच्या देवाचंही हसं होतं. पण नाटक बघणाऱ्या पोराला विंग दिसत नाही. माईलाही पार्कात दिसलं होतं ते एवढंच: पट्टी धरून उभा असलेला एक मुलगा. नोकरी म्हणजे तोच, असं तिनं धरलं.

मुलाखतीत पहिला प्रश्न नेहमीचा, इथं का यायचंय? तिनं सहलीची गोष्ट सांगितली. सगळे छान हसले. मग एका बाईंनी विचारलं, "समजा तुम्हीच पट्टीपाशी उभ्या आहात. एक कुटुंब सांगलीहून रात्रभर प्रवास करून आलंय. मुलगी दोन बोटं कमी. वडील हात जोडताहेत. काय कराल?"

माई म्हणाली, "बसू देईन. पट्टा घट्ट करून."

मुलाखत तिथंच संपली. वरकरणी आणखी दहा मिनिटं चालली, पण संपली होती. आठ दिवसांनी नकाराचा मेल.

दुकानात आल्यावर तिनं मला हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "मीसुद्धा बसू दिलं असतं." मनापासून म्हणालो. आमच्या धंद्यात अडलेल्याचं काम काढून देणं हाच धर्म. स्विच गेलाय? शॉर्ट मार, म्हणजे स्विचला बगल देऊन वायर थेट जोड. जादा भार आला की मोटार बंद करणारा ओव्हरलोड रिले सारखा ट्रिप होतोय? सेटिंग वाढव. माल उद्या जायचाय, मशीन आज चाललं पाहिजे. गिऱ्हाईक दुवा देतं, वर चहा पाजतं. ही पोरगी वर्षभर माझ्या शेजारी बसून हेच बघत होती. घरी वडील फ्यूजला तार घालत होते. 'बसू देईन' हे उत्तर तिच्या तोंडी आभाळातून पडलेलं नव्हतं.

मधली दोन वर्षं

नकारानंतर ती महिनाभर गप्प होती. मग एका रविवारी मिरजेला मामाकडं गेली. मामा रेल्वेतून निवृत्त. जेवता जेवता तिनं सहज विचारलं की कोस्टरवर एकाच रुळावर दोन-तीन गाड्या सोडतात, त्या एकमेकींवर आदळत कशा नाहीत? मामांनी ताट बाजूला सरकवलं म्हणे. पुणे-मिरज लाइन एकेरी होती तेव्हा पुढचं स्टेशन 'लाइन क्लिअर' देईपर्यंत आणि यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर पडेपर्यंत ड्रायव्हरच्या हाती टोकन जायचं नाही, आणि टोकन नाही तर गाडी नाही. साहेब गाडीत बसलेला असो नाहीतर मंत्री. दोन स्टेशनांमधला तुकडा म्हणजे ब्लॉक, एका ब्लॉकात एकच गाडी.

कोस्टरचंही तेच. रुळाचे ब्लॉक पाडलेले असतात, प्रत्येकाच्या शेवटी गाडी थांबवायची सोय असते, आणि पुढचा ब्लॉक मोकळा असल्याचं सेन्सरनं सांगितल्याशिवाय पीएलसी, म्हणजे यंत्र चालवणारा छोटा संगणक, मागची गाडी सोडत नाही. बहुतेक ठिकाणी ब्रेक असे बसवतात की हवेचा दाब असला तर उघडे राहतात आणि दाब गेला की आपोआप आवळतात. लाइट गेली तर गाडी थांबते. आमच्या दुकानात लाइट गेली तर काम थांबतं तेवढंच. तिथं थांबणं हीच मूळ स्थिती, आणि चालायला दर वेळी परवानगी काढावी लागते.

माईनं हे परत येऊन पॅनलवर मला दाखवलं. सुरक्षेचा स्विच एनसीवर का घेतात? एनसी म्हणजे एरवी जोडलेला आणि दाबला की तुटणारा, एनओ त्याच्या उलटा. मला माहीत होतं, वीस वर्षं जोडतोय. पण ती म्हणाली, "काका, एनसीवर असला की वायर तुटली तरी मशीनला वाटतं कुणीतरी थांबवलंय. एनओवर असला आणि वायर तुटली, तर तुम्ही बटण दाबत राहा, मशीन ऐकणारच नाही." जोडणं आणि समजणं यात फरक असतो, हे मला माझ्याच पगारावरच्या पोरीकडून कळलं.

उंचीच्या पट्टीचंही तिनं मुळापासून शोधलं. आपल्याला वाटतं, लहान मूल घाबरेल म्हणून अडवतात. तसं नाही. खांद्यावरून येणारा किंवा मांडीवर बसणारा दांडा ठरावीक हाडांवर टेकायला हवा. शरीर लहान असेल तर दांडा 'लॉक' दाखवतो, सिग्नलही येतो, पण आत पोकळी राहते, आणि गाडी उचल खाते त्या क्षणी मूल त्या पोकळीतून सरकतं. पट्टा घट्ट करून ती पोकळी भरत नाही. म्हणजे तिनं मुलाखतीत दिलेलं उत्तर प्रेमाचं होतं आणि जीवघेणंही. हा आकडा राइड बनवणारी कंपनी ठरवते, पट्टीपाशी उभ्या असलेल्या पोराच्या हातात त्यातलं एक बोटही नसतं.

आता हातमोज्याची गोष्ट. ही सांगायला मला जड जातं.

एका गिऱ्हाइकाकडं पॉवर प्रेस होती, पत्रा दाबून कापणारं मशीन. संरक्षक झाकणाला, म्हणजे गार्डला, लिमिट स्विच, गार्ड उघडा असेल तर प्रेस खाली येत नाही. एका शनिवारी संध्याकाळी तो स्विच गेला. फोन आला, "शॉर्ट मारून द्या, सोमवारी नवीन टाकू." मी जाऊन दोन टर्मिनलमध्ये लाल वायरचा तुकडा टाकला, दोन मिनिटांचं काम. सोमवार आला नाही. तीन आठवडे गेले. माई दुसऱ्या एका मोटारीसाठी तिथं गेली तर प्रेसच्या बाजूला खिळ्याला एक हातमोजा टांगलेला. पापडासारखा सपाट. बोटं नव्हती त्यात, हेल्परनं हात वेळेत मागं घेतला होता, मोजा अडकून राहिला. पोरांनी गंमत म्हणून तो टांगून ठेवला होता.

माईनं पॅनल उघडलं, वायर कापली, जॉब कार्डावर लिहिलं, 'गार्ड स्विच नाही, प्रेस बंद ठेवली', सही केली आणि निघून आली.

मालकाचा फोन मला आला तो ऐकवत नाही. माझ्या धंद्याचा पाचवा हिस्सा त्याच्याकडून यायचा. मी माईवर ओरडलो. "तू कोण ठरवणारी?" ती म्हणाली, "वायर तुम्हीच टाकली होती ना काका?" एवढंच. आवाज चढवला नाही. मी आठ दिवस तिच्याशी कामापुरतं बोललो. नवव्या दिवशी पदरचे पैसे घालून नवा स्विच घेतला आणि स्वतः जाऊन बसवून आलो. गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच. तेव्हापासून दुकानात शॉर्ट मारायचं बंद केलं. गिऱ्हाईक परत जातं, जाऊ दे.

दुसरी मुलाखत

2024 मध्ये त्याच पार्कात देखभाल टेक्निशियनची जागा निघाली. बाहेरच्याला पार्क म्हणजे तिकीट, टोप्या आणि आइसक्रीम. पण अशा ठिकाणी इलेक्ट्रिशियन लागतो, फिटर लागतो, वेल्डर लागतो, वॉटर पार्क असेल तर पंप आणि पाणी शुद्धीकरणवाला लागतो. आमच्या भागातल्या पोरांना यातलं सगळं येतं. पलूस-किर्लोस्करवाडीच्या पट्ट्यात पंप आणि फाउंड्रीत घासलेल्या पोराला डीपी टेस्ट, म्हणजे लाल रंग लावून वरून पांढरी पावडर मारून बारीक चीर शोधणं, नवीन नाही. राइडच्या सुट्या भागांची तपासणी अशाच जातीची असते. कुणी अर्जच करत नाही, कारण भरतीची जाहिरात बघताना डोळ्यांसमोर पट्टी धरलेला मुलगा असतो.

या वेळी तिघे होते, त्यातले एक वयस्क इंजिनिअर. मल्टिमीटर हातात देऊन एक सर्किट तपासायला लावलं, ते तिनं केलं. मग त्यांनी विचारलं: "सकाळचे पावणेदहा. दहाला गेट उघडणार. रिकाम्या फेऱ्यांत एका सीटच्या लॉकचा सिग्नल एकदा येतो, एकदा जातो. दांडा हातानं ओढून बघितला, पक्का बसलाय. म्हणजे दोष बहुधा प्रॉक्सी सेन्सरमध्ये. बाहेर रांग लागलीय. काय कराल?"

अवघड प्रश्न आहे. दांडा पक्का आहे, खोटं बोलतोय तो सेन्सर. कुपवाडमधला कुठलाही वायरमन सांगेल, प्रॉक्सीला बगल द्या, संध्याकाळी बदलू.

माई म्हणाली, "राइड बंद. वरिष्ठांना कळवीन, माझं कुलूप लावीन, मग प्रॉक्सी बदलीन, मग परत रिकाम्या फेऱ्या. दहाला नाही उघडली तर नाही उघडली."

"मॅनेजर म्हणाले की मी सांगतोय, चालू कर?"

"कुलूप माझं, किल्ली माझ्या खिशात."

कुलपाचं जरा सांगायला हवं. यंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येकानं मेन स्विचला आपापलं कुलूप लावायचं असतं, त्यावर आपल्या नावाचा टॅग. पाच माणसं आत असतील तर पाच कुलपं. शेवटचा माणूस बाहेर येऊन आपलं कुलूप काढेपर्यंत ते यंत्र कुणाच्या बापाला चालू करता येत नाही. लोटो, म्हणजे लॉकआउट-टॅगआउट, म्हणतात त्याला. आमच्याकडच्या मोठ्या कारखान्यांतही असतं, छोट्या शेडमध्ये नसतं.

इंजिनिअर म्हणाले, "पुस्तकातलं उत्तर आहे. कधी केलंय का असं?"

तेव्हा तिनं हातमोज्याची गोष्ट सांगितली. माझ्या वायरीसकट. ते ऐकून त्यांनी विचारलं, "नोकरी गेली असती तर?" ती म्हणाली, "काका आठ दिवस बोलले नाहीत. पण पगार कापला नाही." तिघेही हसले म्हणे. निघताना तिनं स्वतःहून सांगितलं की दोन वर्षांपूर्वी इथंच तिनं उंचीच्या प्रश्नाला चुकीचं उत्तर दिलं होतं, आणि ते का चुकीचं होतं. न विचारता आपली जुनी चूक काढणं शहाणपणाचं होतं की नाही, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. माझ्या बायकोचं म्हणणं, तिथंच ती पास झाली. माझं मत, कुलपाच्या वाक्याला.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. या दोन्ही मुलाखतींना माई जीव तोडून 'मला पार्क किती आवडतं' हे सांगायची तयारी करून गेली होती. दुसऱ्या खेपेला ते कुणी विचारलंच नाही, आणि ती जराशी हिरमुसली. मी तिला म्हणालो, आवड नसती तर तू दोन वर्षं मामांचं डोकं खाल्लं असतंस का? ती म्हणाली, पण त्यांना कुठं माहीत?

नोकरी

पगार माझ्याकडं होता त्यापेक्षा बरा, पण खोलीभाडं आणि डबा वजा केला की हातात फार फरक पडत नाही. वडिलांना रात्रपाळीची काळजी. "पोरीच्या जातीनं रात्री लोखंडावर चढायचं?" हा प्रश्न त्यांनी मला तीनदा विचारला. शेवटी मामांनी निकाल लावला, "रेल्वेत रात्रीही रूळ तपासतात."

काम म्हणजे बरंचसं कंटाळवाणं. गर्दी गेल्यावर ही मंडळी येतात. डब्याला तीन जातीची चाकं, वरून चालणारी, बाजूनं धरणारी आणि रुळाच्या खालून अडवणारी. प्रत्येकाचं प्लास्टिकसारखं आवरण टॉर्च मारून बघायचं, चीर आहे का, फुगलंय का. बोल्टवरच्या रंगाच्या खुणा जागेवर आहेत का. पहाटे रिकाम्या फेऱ्या. मग सही. सही केली की रात्रभर घासलेल्या कोस्टरवर दुसरेच लोक बसतात, आणि ती खोलीवर जाऊन झोपते. पहिल्या दोन महिन्यांत ती स्वतः एकदाच बसली. फोनवर विचारलं, कसं वाटलं? "काका, पूर्ण वेळ मागच्या डब्याच्या चाकाचा आवाज ऐकत होते."

गेल्या पावसाळ्यात एकदा तिचा दुपारी फोन आला. पाय घसरू नये म्हणून कुणीतरी उंचीच्या पट्टीपाशी रबराची मॅट टाकली होती. चांगल्या मनानं टाकली होती. माई जाता जाता थांबली, खिशातला टेप काढला आणि मॅट मोजली. बारा मिलिमीटर. पोरं मॅटवर उभी राहून मोजली जात होती, म्हणजे प्रत्येक पोराला बारा मिलिमीटर फुकट. तिनं मॅट उचलली, नोंद केली, वरिष्ठांना सांगितलं. पट्टीखालची जागा कोरडी राहील अशी दुसरी सोय झाली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. अर्ध्या तासात एक पोरगी रडायला लागली. एवढीशीच कमी होती."

"तू काय केलंस?"

"कठड्यापाशी नेलं तिला. म्हटलं, वर बघू नकोस, चाकांकडं बघ, कट-कट ऐक. तिचे वडील माझ्याकडं असे बघत होते की मीच काहीतरी बिघडवलंय." मागून वॉकी-टॉकीवर कुणीतरी तिला हाक मारत होतं. "चला काका, ठेवते."